फोन उचलणाऱ्याला काय मिळतं?

प्रश्न असा आहे: ‘मी २१ वर्षांची, मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या शहरात एका संस्थेची तरुण मुलांसाठी हेल्पलाइन आहे. तिथे स्वयंसेवक घेतायत, आठवड्याला चार तास, पैसे नाहीत. आई म्हणते, लोकांची दुखणी डोक्यात घेऊन घरी येशील. मैत्रीण म्हणते, सर्टिफिकेट मिळेल, पुढे कामाला येईल. खरंच काय फायदा होतो?’

आधी सर्टिफिकेटचं मिटवून टाकू. ते मिळतं, फाइलला लागतं, एखाद्या मुलाखतीत त्यावर दोन प्रश्न निघतात आणि तिथे त्याचं काम संपतं. आईचा मुद्दा त्याहून वजनदार आहे. लोकांची दुखणी डोक्यात घेऊन घरी जाणारे स्वयंसेवक असतात. बहुतेक वेळा त्याचं कारण त्यांचा हळवा स्वभाव नसतो. शिफ्ट संपल्यावर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायला तिथे कोणी नसतं, हे असतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याकडे आहे आणि निम्मं त्या संस्थेकडे.

जे काम मानसोपचारतज्ज्ञाचं, ते साध्या माणसांनी फोनवर का करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण फायद्याचं मूळ तिथेच आहे. चॅड वारा या पाद्र्यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये लंडनला ‘समॅरिटन्स’ ही आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठीची हेल्पलाइन सुरू केली. त्यामागची ठसठस जुनी होती. १९३५ साली त्यांनी पाद्री म्हणून केलेला पहिलाच अंत्यविधी एका किशोरवयीन मुलीचा होता. पाळी म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग झालाय असं समजून तिने जीव दिला होता. पुढे वारांकडे माणसं भेटायला येऊ लागली. आत ते सल्ला देत. बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला आणि त्यांच्यापाशी बसायला काही स्वयंसेवक असत. थोड्याच महिन्यांत वारांच्या ध्यानात आलं, की बाहेर चहा पिता पिता बोललेल्यांपैकी पुष्कळांना आत जायची गरजच उरत नाही. १९५४ च्या सुरुवातीलाच त्यांनी हे काम स्वयंसेवकांवर सोपवलं.

ब्रिटनमध्ये मुलांसाठीची ‘चाइल्डलाइन’ १९८६ मध्ये निघाली, तिचाही कणा स्वयंसेवकच. आपल्याकडे मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनची सुरुवात १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेत गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ वर, प्रशिक्षित पगारी समुपदेशक असतात. तुमच्यासारखीला दार उघडं आहे ते पुण्यातल्या ‘कनेक्टिंग’सारख्या, स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थांचं. आणि तिथे तुम्हाला जे शिकवतात ते उपचार करणं नाही. त्या चहाच्या कपाशेजारी कसं बसायचं, ते शिकवतात.

हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या रोल प्लेमध्ये कळतं की आपल्याला ते अजिबात येत नाही.

प्रशिक्षणातला नेहमीचा प्रसंग घ्या. प्रशिक्षकाने भूमिका घेतलीय १९ वर्षांच्या मुलाची, लातूरला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या रिपीटर बॅचला असलेल्या. समोर नवी स्वयंसेविका.

‘ताई, नीट परत नाही झालं.’

‘अरे, मग काय झालं? नीट म्हणजे आयुष्य नाही. बीएएमएस आहे, फार्मसी आहे. कितीतरी मुलं...’

‘हं.’

‘आणि आई-बाबांचा विचार कर, त्यांना किती वाईट वाटेल तू असा खचलास तर.’

‘हो. बरोबर आहे.’

चार मिनिटांत फोन बंद. स्वयंसेविकेला वाटतं, पटलं त्याला. पटलेलं काही नसतं. मराठीत समोरचा पडेल आवाजात ‘हो, बरोबर आहे’ म्हणाला, की त्याने दार लावून घेतलं असं समजायचं. मोठ्या माणसांसमोर संवाद संपवायची ती आपली सभ्य रीत आहे. मामा, सर, शेजारचे काका, सगळ्यांपुढे त्याने हेच वापरलंय. शिवाय फार्मसीचा पर्याय त्याला ठाऊक नाही असं थोडंच आहे? तो दोन वर्षं त्याच याद्या बघतोय.

आता तोच फोन दुसऱ्यांदा.

‘ताई, नीट परत नाही झालं.’

‘परत नाही झालं...’ आणि इथे थांबायचं. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं.

‘हो ना. आणि या वेळी बाबांनी काही विचारलंसुद्धा नाही.’

‘काहीच विचारलं नाही.’

‘नुसतं ताट घेऊन आतल्या खोलीत गेले.’

आता कळलं की मुलगा मार्कांबद्दल बोलतच नव्हता. वडिलांनी जेवणाचं ताट उचलून आत नेलं, ते त्याच्या छातीवर बसलंय. पुढचं वाक्य साधं असतं: ‘निकालापेक्षा बाबा बोलत नाहीत याचा जास्त त्रास होतोय असं वाटतंय मला. बरोबर का?’ चुकलं तर तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना आणखी बोलतो. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत देणं आणि चुकायची तयारी ठेवणं, एवढीच ही कला. काही वाक्यांत जमते, पण ती सवय व्हायला महिने लागतात, कारण सल्ला आपल्या जिभेच्या टोकावरच बसलेला असतो.

हा पहिला फायदा, आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठा. पाच-सहा महिने लाइनवर बसलेल्या माणसाचं घरातलं बोलणं बदलतं. धाकटा भाऊ ‘कॉलेजला जायचं नाही’ म्हणाला की पूर्वी ‘का?’ यायचं, आता ‘काय झालं?’ येतं. फरक एका अक्षराचा वाटेल. पण ‘का’ विचारलं की माणूस खुलासा द्यायला लागतो, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असल्यासारखा. ‘काय झालं’ म्हटलं की तो सांगायला लागतो.

भाषेचा कान तयार होतो तो असा, आणि हे इंग्रजी पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. आपल्याकडची मुलं ‘डिप्रेशन’ म्हणतात तेव्हा ते कधी ब्रेकअप असतं, कधी दोन दिवसांचा कंटाळा. आणि खरोखरच खोल गेलेलं मूल नुसतं ‘टेन्शन आहे’ म्हणतं. ‘डोकं जड झालंय’, ‘मन लागत नाही’, ‘कसंतरीच होतंय’, ‘छातीत धडधडतं’ या प्रत्येकाच्या मागे वेगळं काही असू शकतं, म्हणून अर्थ आपण न लावता विचारायचं: ‘कसंतरीच म्हणजे कसं होतं?’ सुरुवात ‘तुम्ही’ने करायची, समोरचा पंधरा वर्षांचा वाटला तरी. मग विचारायचं, ‘तू म्हटलं तर चालेल का?’ आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या माणसाने आपल्याला हे विचारलं, असं वाटणारी मुलं असतात. ते आपल्याला ताई, दादा, मॅडम, सर काहीही म्हणोत, चालतं. आपण मात्र ‘बाळा’ म्हणायचं नाही. बाळाला सल्ला द्यायचा असतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

दुसरी गोष्ट शिकायला मिळते ती जन्मभर पुरते: मरणाबद्दल सरळ विचारणं.

नव्या स्वयंसेवकाला वाटतं, विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात येईल. तसं होत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारल्याने मुलांचा त्रास किंवा ते विचार वाढले नाहीत. जी मुलं आधीच त्रासात होती त्यांचा त्रास काहीसा कमीच झाला. लाइनवरही हेच दिसतं. विचारल्यावर पलीकडून येतो तो बहुतेकदा सुटकेचा श्वास.

पण शब्द नेमके लागतात. ‘तसले काही विचार तर नाहीत ना येत?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘नाही’ म्हणण्याखेरीज त्याला गत्यंतर नाही. ‘स्वतःला काही करून घेणार नाहीस ना?’ हेही तसंच. नीट विचारणं असं: ‘तू म्हणालास, सगळं संपवावंसं वाटतं. जीव द्यावा असं मनात येतं का?’ हो आलं, तर घाबरायचं नाही, आवाज चढू द्यायचा नाही, आणि एकेक पायरी उतरायची. हे कधीपासून वाटतंय? आज नेहमीपेक्षा जास्त आहे का? कसं करायचं याचा विचार झालाय का? त्यासाठी लागणारं काही आत्ता जवळ आहे का? आत्ता जवळपास कोण आहे? पूर्वी कधी असा प्रयत्न झाला होता का? उत्तरांत ‘हो’ वाढत जातील आणि जवळ कोणी नसेल, तसा धोका चढत जातो, आणि त्याच क्षणी तुमचा हात वर होतो, म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा सुपरवायझर दुसरा हेडफोन लावतो. पुढचं दोघं मिळून करतात: जवळची घातक वस्तू दूर करायला किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला सांगणं, ‘आजची रात्र’ एवढाच पल्ला ठरवणं, कोणाला उठवायचं ते नाव काढून घेणं, तोवर लाइनवर थांबणं, गरज पडली तर ११२ ला कळवणं.

यात नव्यांची हमखास होणारी चूक म्हणजे वचन मागणं. ‘मला वचन दे, असं काही करणार नाहीस.’ वचनाने धोका घटतो याला आधार नाही. उलट वचन मोडायची वेळ आली की मुलगा पुन्हा फोन करायला लाजतो, आणि आपली लाइन त्याच्यासाठी बंद होते. त्याऐवजी ठरवायचं ते कृतीचं: ‘पुन्हा तसं वाटलं तर आधी काय करशील, मग कोणाला हाक मारशील, मग कुठे फोन लावशील?’ आणि ते त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, त्याच्याच वहीत.

एक दिलासाही देता येतो, आणि तो कायद्यातून येतो. प्रयत्न केलेल्या मुलाला पोलिसांची भीती असते. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं, आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेलं नाही. हे दोन वाक्यांत, शांतपणे सांगता आलं पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. आकडा ऐकून सगळे परीक्षेकडे बोट दाखवतात. फेब्रुवारी-मार्च आणि निकालाचे मे-जून, या काळात फोन वाढतात हे खरंच आहे. पण लाइनवर बसलं की कळतं, परीक्षा हे बऱ्याचदा फोन करायचं ‘सांगण्याजोगं’ कारण असतं. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ने सुरू झालेला फोन विसाव्या मिनिटाला घरातल्या मारहाणीवर येतो, कुणीतरी काढलेल्या फोटोवर येतो, आपल्याला मुलगी नाही, मुलगाच आवडतो यावर येतो. स्पर्धा परीक्षावाल्यांचं वेगळं: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वयाची सत्ताविशी गाठलेला मुलगा परीक्षेबद्दल तक्रार करतच नाही, ‘गावाकडे सणाला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो’ एवढंच म्हणतो. आणि शरीराबद्दलचे प्रश्न आजही येतातच, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, पाळी चुकली आता काय. वारांच्या त्या मुलीच्या मृत्यूला नव्वदच्या आसपास वर्षं झाली.

तेव्हा तिसरा फायदा: आपल्या जिल्ह्यात कोणतं दार कुठे उघडतं, हे माहीत होतं. फोटो पसरवायची धमकी देऊन पैसे मागणारा असेल तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० ला तातडीने फोन, कारण जितका लवकर तितकी रक्कम थांबवायची शक्यता जास्त. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात कोणत्या वारी, किती वाजता केसपेपर निघतो. मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा क्रमांक. बाल कल्याण समिती कुठे बसते. पुस्तकात ‘रेफरल’ हा एक शब्द असतो. लाइनवर तो म्हणजे ‘मंगळवारी साडेनऊला जा, आधारकार्ड ने, सोबत कोण येईल?’ इतका बारीक असावा लागतो, नाहीतर मूल जातच नाही. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हे कॉलेजात कुणी शिकवत नाही, आणि पुढे नोकरीत पहिल्याच आठवड्यात लागतं.

पोक्सोबद्दल, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याबद्दल, थोडं सावकाश सांगतो, कारण तिथे चूक परवडत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाशी लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर २०१२ च्या या कायद्याचं कलम १९ ती माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक करतं. ‘प्रत्येक’ म्हणजे तुम्हीसुद्धा, बिनपगारी असलात तरी. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आता गंमत बघा, आपण फोनच्या सुरुवातीला ‘तू बोलशील ते आपल्यातच राहील’ असं म्हणून बसलो, आणि अर्ध्या तासाने हे निघालं, तर मूल दुसऱ्यांदा फसवलं जातं. म्हणून सुरुवातीचं वाक्य असं हवं: ‘तू बोलशील ते गुप्त राहील. फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठराच्या आतल्या कुणावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन.’ हे वाक्य तोंडपाठ करून घेणारी संस्था चांगली. कळवायचं कसं हे सुपरवायझर ठरवतो, पण त्याला किती वाजता सांगितलं ते लॉगमध्ये लिहून ठेवायचं.

आता आईच्या धास्तीकडे. लाइनवर काय बिघडतं, ते तिला लपवून उपयोग नाही.

घाणेरडे फोन येतात. मुलींना जास्त येतात. सुरुवात अगदी खऱ्या अडचणीसारखी होते, मग श्वास बदलतो, तपशील नको तिकडे जायला लागतात. नवी स्वयंसेविका इथे स्वतःवरच शंका घेते, ‘खरंच अडचणीत असेल तर?’ नियम सोपा ठेवावा: एकदा सांगायचं, ‘अशा बोलण्यासाठी ही लाइन नाही, दुसरं काही बोलायचं असेल तर मी आहे’, पुन्हा तेच झालं की फोन ठेवायचा आणि लगेच सुपरवायझरला सांगायचं. ठेवल्याबद्दल कुणी जाब विचारता कामा नये. ज्या संस्थेत ‘सहन करा, तोही दुःखीच असतो’ असं सांगतात, तिथे थांबू नये.

मुके फोन येतात. पलीकडे पंख्याचा आवाज, क्वचित हुंदका. दर तीसेक सेकंदांनी हळू आवाजात ‘मी इथेच आहे, घाई नाही’ एवढं म्हणायचं. काही मुलं तीन-चार वेळा मुका फोन करून मग बोलतात. तोवर ती आवाज तपासत असतात, आपला.

रोज फोन करणारे असतात. त्यांची सवय आपल्याला लागते हा खरा धोका. ‘तुमच्याशीच बोलायचंय, दुसऱ्या ताई नकोत’ हे ऐकायला सुखाचं असतं, आणि तिथूनच घसरण सुरू होते: खरं नाव सांगितलं जातं, मग स्वतःचा नंबर, मग रात्री अकराला मेसेज. महिनाभरात स्वयंसेविका थकते, उत्तर द्यायचं थांबवते, आणि त्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातो. लाइनवर टोपणनाव घेणं, नंबर न देणं, भेट न घेणं, पैसे न पाठवणं, हे नियम थंडपणाचे वाटतात. ते आहेत म्हणूनच चार तास पूर्ण मायेने बसता येतं.

चॅटचं तंत्र निराळं आहे. तरुण मुलं बोलण्यापेक्षा टाइप करतात, तेही रोमन लिपीतल्या मराठीत. फोनवर अर्ध्या तासात होणारं बोलणं चॅटवर दीड तास घेतं. शांतता का आहे ते कळत नाही: रडतोय, की आई खोलीत आली? एका वेळी दोन चॅट घ्यायला सांगत असतील तर नवख्याने नाही म्हणावं.

घरून काम करायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. दार लागणारी खोली, हेडफोन, संस्थेचं नंबर लपवणारं ॲप, एवढं असेल तरच. होस्टेलवर रूममेट झोपलेली असताना कुणाच्या अत्याचाराची हकीकत ऐकणं, हा त्या मुलाचा विश्वासघात आहे आणि तुमच्यावरही अन्याय. पहिले सहा महिने तरी केंद्रावर जाऊनच बसा.

आणि मग तो शिफ्टनंतरचा वेळ. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत लॉग लिहायचा: वेळ, वय, कारण त्याच्या शब्दांत, धोका किती वाटला, काय ठरलं. ‘मुलगी हट्टी वाटली’ असलं मत लिहायचं नाही. मग सुपरवायझरबरोबर दहा-पंधरा मिनिटं. तिथे ‘तू काय म्हणालीस’ याची तपासणी नसते. ‘कोणतं वाक्य अजून कानात आहे?’ हा प्रश्न असतो, आणि ते वाक्य तिथेच टेबलावर ठेवून घरी जायचं असतं. महिन्यातून एकदा गटात बसून अवघड फोन उलगडायचे. एवढं होत असेल तर आईची धास्ती बऱ्याच अंशी मिटते. तरीही झोप उडणं, फोनची रिंग वाजली की दचकणं, मित्रांच्या अडचणी ‘क्षुल्लक’ वाटू लागणं, शिफ्टच्या दिवशी सकाळपासून पोट दुखणं, यातलं काही दोन आठवडे टिकलं तर शिफ्ट थांबवायची आणि सांगायचं. त्यात कमीपणा नाही.

मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो, या निरीक्षणाला अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये ‘हेल्पर थेरपी’ असं नाव दिलं. ते खरं आहे, पण त्याचा उलटा अर्थ काढून स्वतःचा घाव भरायला लाइनवर येऊ नका. घरात किंवा मैत्रीत वर्षभरात आत्महत्या झाली असेल, स्वतःचे उपचार सध्या नाजूक टप्प्यावर असतील, तर थांबा. निवडीच्या वेळी चांगली संस्था हे विचारते, आणि ‘सहा महिन्यांनी या’ म्हणते. राग मानू नका.

करिअरचं थोडक्यात. लाइनवर बसलं म्हणून तुम्ही समुपदेशक होत नाही, आणि तसं ओळखपत्रावर किंवा लिंक्डइनवर लिहू नका. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. हेल्पलाइनचे तास त्यात आपोआप धरले जात नाहीत. कॉलेजच्या इंटर्नशिपमध्ये धरायचे असतील तर आधी विभागप्रमुखांशी बोलून लेखी घ्या. एमएसडब्ल्यू किंवा एमएच्या मुलाखतीत उपयोग होतो तो वेगळ्याच अंगाने: ‘या क्षेत्रात का?’ या प्रश्नाचं तुमचं उत्तर पुस्तकी राहत नाही. आणि कधीकधी सहा महिन्यांत असंही कळतं की हे आपलं काम नव्हे. दोन वर्षांची फी भरण्याआधी ते कळणं हाही फायदाच. तिथे शेजारच्या खुर्चीवर निवृत्त बँकवाले, आयटीतली मुलं, गृहिणी बसलेल्या असतात, तो वेगळा लाभ. तुमच्या वयात एरवी पन्नाशीच्या माणसाशी बरोबरीने बोलायची वेळ कुठे येते?

संस्थेत जाल तेव्हा संकोच न करता विचारा. प्रशिक्षण किती तासांचं? चाळीसच्या आसपास आणि त्यातलं निम्मं रोल प्ले असेल तर ठीक. एका रविवारात उरकत असतील तर निघा. त्यानंतर जुन्या स्वयंसेवकाशेजारी बसून नुसतं ऐकायच्या किती शिफ्ट? शिफ्टला एकटीला बसवणार का? फोन रेकॉर्ड होतात का, आणि फोन करणाऱ्याला ते सांगतात का? पोक्सोची केस आली तर कोण कळवतं? रात्रीची शिफ्ट संपल्यावर घरी जायची सोय काय? किती महिने बांधिलकी लागते? (बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्ष मागतात. ते रास्त आहे, तुमच्यावर त्यांचाही वेळ खर्च होतो.) वार्षिक परीक्षेच्या काळात सुट्टी मिळेल का, हेही विचारून घ्या, कारण तेव्हाच लाइनला माणसं सगळ्यांत जास्त लागतात आणि तेव्हाच तुमचा पेपर असतो.

शेवटी एक प्रश्न, शक्य झालं तर आईला सोबत नेऊन तिच्यासमोरच: ‘अवघड फोन आला तर शिफ्ट संपल्यावर माझ्याशी कोण बोलेल?’ उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं आणि त्या वेळी तो माणूस तिथे असतो असं कळलं, तर अर्ज भरा. ‘आपला व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, त्यावर टाकायचं’ असं आलं, तर दुसरी संस्था शोधा.